काकांच्या गोळ्या आणि लिव्हरचा धसका

नागपूर
रविवार, रात्री

प्रिय सुन्या,

काकूंनी तुला पाठवलेले गोळ्यांचे फोटो पाहिले. "आठ-आठ प्रकारच्या गोळ्या पोटात जाऊन राहिल्या, लिव्हरचं काय होईल बे?" हा तुझा प्रश्नही वाचला. त्या धसक्यापायी काकू अर्ध्या गोळ्या बंद करायला निघाल्यात म्हणतोस, तर आधी त्यांना फोन करून थांबव. गोळ्या मोजून लिव्हरचा हिशेब लागत नाही. लिव्हर कोणत्या गोळीला फोडतं, कोणतीला हातच लावत नाही, आणि कोणत्या दोघी तिथे एकमेकींच्या आड येतात, हे पाहावं लागतं.

काकूंचा सगळ्यात जास्त राग शुगरच्या गोळीवर, मेटफॉर्मिनवर. आणि नेमकी तीच लिव्हरमध्ये न फुटता, जशीच्या तशी लघवीवाटे बाहेर पडते. गंमत म्हणजे तिचं काम लिव्हरमध्येच चालतं. रात्रभर लिव्हर स्वतः साखर तयार करून रक्तात सोडत असतं, ते ती कमी करते. तिच्यासाठी बघायची ती किडनी. रक्तातल्या क्रिएटिनिनवरून काढलेला ईजीएफआर, म्हणजे किडनी किती गाळते त्याचा आकडा, 30 च्या खाली गेला की ती बंद करतात. जेवणासोबत दिली की मळमळ कमी होते. उलट्या-जुलाबांनी अंगातलं पाणी गेलं (आपल्याकडे मे महिन्यात त्याला किती वेळ लागतो?) तर डॉक्टरांना विचारून ती तेवढे दिवस थांबवायची.

बाकीच्या बहुतेक गोळ्यांची वाट मात्र लिव्हरमधूनच जाते. आतड्यातून शोषलेलं औषध अंगभर फिरण्याआधी थेट लिव्हरमध्ये पोचतं. जुन्या जकात नाक्यासारखं समज, माल शहरात शिरण्याआधी तिथे थांबणारच. काहींचा बराचसा माल तिथेच कापला जातो. छातीत दुखल्यावर सॉर्बिट्रेट जिभेखाली ठेवायची ती याचसाठी. गिळली तर तिचा मोठा भाग नाक्यावरच संपतो, वर उशीर होतो तो वेगळा. काकूंना एवढं पाठ करून घे.

नाक्यावर माल फोडणारी एन्झाइम्स असतात. त्यातलं सीवायपी 3ए4 सगळ्यात कामाचं. काकांची कोलेस्टेरॉलची अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन आणि बीपीची अ‍ॅम्लोडिपिन, दोन्ही तेच फोडतं. रोजच्या डोसात त्याची अडचण नाही. घोटाळा होतो तो बाहेरून आलेल्या पाहुण्याने. खोकल्यासाठी क्लॅरिथ्रोमायसिन हे अँटिबायोटिक लिहून दिलं किंवा गजकर्णासाठी कोणी इट्राकोनॅझोल हातात ठेवली, तर ही औषधं त्या एन्झाइमलाच अडवतात. मग अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन फुटत नाही, रक्तात साचत जाते आणि स्नायूंवर बसते. मांड्या-दंड ठणकतात. प्रकरण वाढलं तर लघवी कोलासारखी गडद होते आणि किडनीवर ताण येतो. त्यामुळे असा कोर्स चालू असेपर्यंत डॉक्टर सहसा अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन थांबवतात, पण चालू असल्याचं त्यांना सांगायला तर पाहिजे! गजकर्णाची गोळी आपल्याकडे चिठ्ठीशिवाय सर्रास घेतात, मला खरी भीती तिचीच आहे. क्लॅरिथ्रोमायसिनच्या जातीतल्याच अ‍ॅझिथ्रोमायसिनचा मात्र हा त्रास जवळजवळ नाही.

याच एन्झाइमवरून काकांची संत्री बंद करा असं कोणी सांगितलं असेल तर ऐकू नका. ग्रेपफ्रूट आणि पपनस त्याला अडवतात, आपलं नागपुरी संत्रं नाही. शुगर आहे म्हणून रसाऐवजी फोडी खाव्या, इतकंच.

पाय सुजतात ते अ‍ॅम्लोडिपिनमुळे असू शकतं. बारीक रक्तवाहिन्या सैल झाल्या की पाणी घोट्यापाशी उतरतं. पण सूज हृदयाची किंवा किडनीचीही असू शकते, तेव्हा डॉक्टरांना दाखवायचीच. एखाद्या दिवशी ही गोळी चुकली तर दुसऱ्या दिवशी दोन द्यायच्या नाहीत. ती अंगात दीड-दोन दिवस टिकते.

आता जरा नाजूक. स्टेंटनंतरची क्लोपिडोग्रेल 75 गिळताना निकामीच असते, लिव्हरमधलं सीवायपी 2सी19 तिला कामाची बनवतं. आणि अ‍ॅसिडिटीसाठी काका घेतात ती ओमेप्राझोल याच एन्झाइमला दाबते, म्हणजे रक्त पातळ ठेवणारी गोळी अर्धवट जागी होते. "ओमेप्राझोलऐवजी पँटोप्राझोल चालेल का?" हे येत्या भेटीत डॉक्टरांना नक्की विचार. क्लोपिडोग्रेल मात्र स्वतःहून एक दिवसही बंद करायची नाही, स्टेंट बंद पडू शकतो.

लिव्हरला खरा धोका काकूंना निरुपद्रवी वाटणाऱ्या गोळीचा आहे. पॅरासिटामॉल. फोटोत ती तीन ठिकाणी दिसते. तापाची 650 ची दिवसाला चार, म्हणजे 2600 मिलिग्रॅम. सर्दीच्या गोळीत 500 धरलं आणि ती तीनदा घेतली तर 1500. गुडघ्याच्या गोळीत अ‍ॅसेक्लोफेनॅक या वेदनाशामकासोबत 325, ती दोनदा, म्हणजे 650. बेरीज 4750. धडधाकट माणसाची दिवसाची कमाल मर्यादा 4000. काकांच्या वयाला आणि वजनाला त्याहून बरंच खाली राहिलेलं बरं. शिवाय स्टेंट असताना अ‍ॅसेक्लोफेनॅक मुळात नकोच. क्लोपिडोग्रेलच्या जोडीला पोटात रक्तस्रावाचा धोका वाढतो तो वेगळाच.

एरवी पॅरासिटामॉलचा मोठा भाग लिव्हर सरळ बांधून बाहेर टाकतं. थोडासा भाग एनएपीक्यूआय नावाचं विष होतो आणि लिव्हरमध्येच साठवलेलं ग्लुटाथायोन त्याला लगेच निकामी करतं. डोस वाढला की ग्लुटाथायोनचा साठा संपतो आणि विष लिव्हरच्या पेशींना चिकटतं. तापात दोन दिवस पोटात अन्न नसेल तर साठा आधीच कमी असतो. रोज दारू पिणाऱ्यात विष जास्त बनतं. फसवं असं की पहिला दिवस माणूस ठीकठाक दिसतो, जास्तीत जास्त मळमळ. एसजीपीटी (लिव्हरच्या पेशींना इजा झाली की रक्तात वाढणारं एन्झाइम) नंतर चढतं आणि तिसऱ्या-चौथ्या दिवशी कळस गाठतं. उतारा आहे, अ‍ॅसिटिलसिस्टीन. पहिल्या आठ तासांत मिळालं तर फार चांगलं. म्हणून चुकून जास्त गेल्या असं कळलं तर लक्षणांची वाट न बघता रिकामी पाकिटं घेऊन मेडिकल कॉलेजच्या किंवा मेयो हॉस्पिटलच्या कॅज्युअल्टीत पोचायचं.

गुळवेलीचा काढा सध्या बंदच ठेवा. कोविडच्या काळात मुंबईच्या डॉक्टरांनी गुळवेल घेणाऱ्यांमध्ये लिव्हरला सूज आल्याचे पेशंट नोंदवले होते. त्यावर वाद आहे, पण आठ औषधं चालू असताना नववं कशाला?

एसजीपीटी थोडं वाढलेलं आलं तर घाबरून अ‍ॅटोर्व्हास्टॅटिन फेकू नका. वरच्या मर्यादेच्या तिप्पट होईपर्यंत आणि काही त्रास नसेल तर डॉक्टर बहुधा चालूच ठेवतात. फॅटी लिव्हर आहे म्हणून तर ती मुळीच बंद करत नाहीत. डोळे पिवळे, अंगाला खाज, जेवणावरची वासना उडालेली, लघवी गडद, यातलं काही दिसलं तर मात्र त्याच दिवशी दाखवायचं.

आणि ती सर्दीची गोळी काकूंनी पालथी ठेवून फोटो काढला आहे, मी 500 अंदाजाने धरलंय. काहींत 325 असतं. बीपी वाढवणारं फिनाइलएफ्रिनही असू शकतं. पाकिटाची मागची बाजू, घटक वाचता येतील अशी, उद्या सकाळी पाठवायला सांग. तोवर ती गोळी बाजूला.

तुझा,
बंड्या