ताई, तुम्ही पाठ फिरवलीत म्हणून

ताई,

हे समोर उभं राहून बोलायला गेले की घसा दाटून येतो, म्हणून लिहितेय. आणि चारचौघांत लिहितेय, कारण ज्यांनी माझ्या लेकीला खच्ची केलं त्यांनी ते चारचौघांतच केलं होतं. तुमचं नाव घालत नाही. तुम्हाला ते आवडणार नाही, आणि नेरूळच्या ग्राउंडवर तुमच्याकडे पोरींना फुटबॉल शिकायला घेऊन येणाऱ्या आयांना ते वेगळं सांगायलाही नको.

आधीच्या अकादमीवर फार शब्द खर्च करत नाही. वर्षाची फी आगाऊ घेतली आणि मुलांची प्रॅक्टिस उरकली की मग मुलींना एक कोपरा दिला. एका मॅचमध्ये हिची पेनल्टी बारवरून गेली. तिथले सर सगळ्या पालकांच्या देखत ओरडले, "हिला परत पेनल्टी मारायला देऊ नका रे!" शेजारी उभे असलेले बाप हसले. बारा वर्षांची पोर होती हो. घरी येऊन तिने स्टड्स वर्तमानपत्रात गुंडाळून माळ्यावर टाकले आणि फुटबॉल हा विषयच घरातून संपला.

मैत्रिणीच्या आग्रहाखातर ती तुमच्याकडे आली ती नुसती बघायला. तुम्ही "खेळणार का?" असंही विचारलं नाहीत. एक बिब, ती सरावात घालायची बंडी, तिच्या अंगावर टाकलीत आणि कामाला लागलात. त्याच आठवड्यात सरावाच्या मॅचमध्ये पेनल्टी मिळाली. मोठ्या मुलींपैकी एकीने बॉल उचललाही होता. तुम्ही तो तिच्याकडून मागून घेतलात, चिखल आपल्या ट्रॅकपँटला पुसलात, हिच्या हातात दिलात आणि चक्क वळून वॉचमनकाकांशी पाण्याच्या टाकीबद्दल बोलायला लागलात. मी कठड्यावरून बघत होते. तुमची पाठ होती पूर्ण. टाकी भरली का, मोटर कधी लावणार, हेच चाललं होतं तुमचं.

तिचा बॉल खांबाला लागून परत आला. तुम्ही मागे वळलात, काय झालं ते विचारलंही नाहीत, शिट्टी वाजवलीत आणि खेळ पुढे सुरू. ती धावत आपल्या जागेवर गेली. त्या दिवशी ऐरोलीपर्यंत लोकलमध्ये ती अखंड बडबडत होती. कित्येक महिन्यांनी. ताई, तुम्हाला कदाचित हे आठवणारही नाही. मला तुमच्या ट्रॅकपँटवरचा तो चिखलाचा पट्टासुद्धा आठवतो.

सरीना बोल्डेनची गोष्ट तुम्ही नंतर कधीतरी सांगितलीत, पोरी पायातले मोजे सोलत बसल्या असताना. आता आमच्या घरात ती सगळ्यांना पाठ आहे. १९९६ साली कॅलिफोर्नियात जन्मली, तिथेच वाढली, लॉस एंजेलिसच्या लॉयोला मेरीमाउंट विद्यापीठाकडून खेळली. पण घराण्याचं मूळ फिलिपिन्सचं, म्हणून फॉरवर्ड म्हणून जर्सी घातली ती त्या देशाची. २०२२ च्या महिला फुटबॉलच्या आशिया कपमध्ये क्वार्टर फायनलला चायनीज तैपेईशी, म्हणजे तैवानशी, १-१ बरोबरी, मग पेनल्टी शूटआउट. गोलकीपर ऑलिव्हिया मॅकडॅनियलने तैपेईच्या किक अडवल्या, वर स्वतः एक मारलीही. शेवटची निर्णायक किक बोल्डेनची. ४-३. त्या एका किकवर फिलिपिन्स पहिल्यांदा वर्ल्डकपला गेलं. आणि हे सगळं घडलं कुठे, तर पुण्यात, बालेवाडीला! पोरींचा विश्वासच बसेना. त्याच स्पर्धेत आपल्या मुली डी. वाय. पाटील स्टेडियमवर इराणशी ०-० खेळल्या आणि पुढे संघात कोरोना शिरल्यामुळे स्पर्धेतूनच बाहेर गेल्या, हेही तुम्ही तेव्हाच सांगितलंत.

मग २५ जुलै २०२३. वेलिंग्टन, समोर यजमान न्यूझीलंड, २४ व्या मिनिटाला बोल्डेनचा हेडर. वर्ल्डकपमधला फिलिपिन्सचा पहिला गोल आणि त्याच गोलवर पहिला विजय. तुम्ही तिथे थांबला नाहीत, हे मला फार मोलाचं वाटतं. पाचच दिवसांनी नॉर्वेने त्यांना ६-० ने हरवलं आणि ते घरी गेले, हेही तितक्याच सरळ आवाजात सांगितलंत. पोरींना नुसत्या विजयाच्या गोष्टी सांगणारे खूप भेटतात.

हिने घरी येऊन विचारलं, "आई, आपलं मूळ कोल्हापूरचं ना? मग मी कोल्हापूरकडून खेळू शकते?" आमच्या घरात हा प्रश्न साधा नाही. माझे सासरे पाटाकडील तालमीचे, म्हणजे कोल्हापुरातल्या त्या फुटबॉल संघाचे. शाहू स्टेडियमवर उन्हात बसून उभी हयात मॅचेस बघितलेला माणूस, पण मुलींचा फुटबॉल म्हटलं की पेपर उघडून बसायचे. आता दर रविवारी फोन येतो, "पोरगीला डाव्या पायाने मारायला शिकवलं का त्या बाईंनी?"

जगात चांगली माणसं कमी नाहीत, ती ओरडून सांगत नाहीत एवढंच. संध्याकाळच्या गर्दीत हिची किटबॅग न सांगता मांडीवर घेणाऱ्या लेडीज डब्यातल्या बायका, पोरींचं आवरेपर्यंत ग्राउंडचा दिवा चालू ठेवणारे तुमचे वॉचमनकाका. ज्या सरांच्या भिंतीवर सर्टिफिकिटं टांगली होती, त्यांच्याकडे मात्र एका मुलीची मान खाली जाते आहे हे बघण्याइतकी नजर नव्हती. हे मी रागाने लिहितेय आणि राग अजून गेलेला नाही.

आता एक काम. कोल्हापुरात सीझन सुरू झाला की सासऱ्यांनी तुम्हाला बोलावलंय. पाटाकडीलची मॅच दाखवायची आहे आणि डाव्या पायाबद्दल तुमच्याशी समोरासमोर बोलायचं आहे. तांबडा-पांढरा घरी होईल. तुम्ही फक्त तारीख कळवा, महालक्ष्मीची तिकिटं मी काढते.

तुमच्या नऊ नंबरची आई