आखूड बोट आणि चार महिन्यांची चौकट

मा. संपादक,
स.न.वि.वि.

आपल्या आरोग्य पुरवणीत पायाच्या आखूड बोटांवर लेख आला होता. त्यात असं बोट लांब करण्याच्या शस्त्रक्रियेला ‘सौंदर्यासाठीचा छोटा उपचार’ म्हटलं आहे. माझ्या डाव्या पायावर ती झाली आहे, म्हणून लिहिते.

आखूड असतं ते बोट नव्हे, त्यामागचं चवड्यातलं लांब हाड, म्हणजे मेटाटार्सल. त्याची वाढपट्टी, म्हणजे हाड जिथून लांब होतं तो भाग, वेळेआधी मिटली की हाड तिथेच थांबतं. बहुतेकदा चौथं, आणि बहुतेकदा मुलींचं. माझं चौथं बोट जमिनीला टेकतच नसे. त्याच्या वाटणीचा भार शेजारची हाडं सोसायची. तिसऱ्या बोटाच्या मुळाशी तळव्याला जाड घट्टा पडला होता आणि अर्धा तास उभं राहिलं की चवड्याची आग व्हायची. याला सौंदर्याचा प्रश्न कसं म्हणायचं?

थोडीच लांबी हवी असेल, साधारण एक सेंटिमीटर, तर हाड कापून मधे कमरेच्या हाडाचा तुकडा बसवतात आणि काम एकदाच होतं. त्याहून जास्त एकदम ओढलं तर बोटाच्या रक्तवाहिन्या ताणल्या जाण्याची भीती असते. मला १६ मिलिमीटर हवे होते. म्हणून हाड कापून पायावर बाहेरून पिनांची चौकट लावली. ही पद्धत शोधणारे सोव्हिएत डॉक्टर इलिझारोव्ह यांचं तत्त्व असं की, कापलेली टोकं सावकाश दूर नेली तर फटीत नवं हाड धरतं. आठवडाभर थांबून मग सकाळी पाव मिलिमीटर, रात्री पाव. त्यासाठी चौकटीचा स्क्रू मीच फिरवायचे, ३२ दिवस. पहिल्या दिवशी हात थरथरत होता.

त्यानंतर नवं हाड पक्कं होईपर्यंत चौकट आणखी तीन महिने पायावरच होती. पिनांभोवती रोज स्वच्छता करायची. तरी एकीतून पू आलाच, अँटिबायोटिक घ्यावं लागलं. आज बोट टेकतं, घट्टाही गेला. बोटाचा सांधा मात्र पूर्वीइतका वाकत नाही.

‘दोन दिवसांत घरी’ हे लेखातलं वाक्य खरं आहे. पण पुढचे चार महिनेही छापा, अशी कळकळीची विनंती आहे. मुलीचं ऑपरेशन सुट्टीत उरकून घेऊ म्हणणाऱ्या आईला ते आधी कळायला हवेत.

माझ्या उजव्या पायाचं हाडही आखूड आहे. तो पाय दुखत नाही. त्याला मी हात लावू दिलेला नाही.

– आपली एक वाचक