खोक्यावर ‘सीडी-आर चालते’ छापले आहे, म्हणून हे पत्र

दिनांक : २२ जुलै २०२५

प्रति,
प्रमुख, ग्राहक सेवा विभाग,
मुख्य कार्यालय, मुंबई

विषय : नवा सीडी प्लेअर राईट केलेल्या सीडी वाजवत नाही, सेवा केंद्राने ‘सेट ठीक, डिस्क खराब’ असा शेरा मारून तो परत पाठवला, त्याबाबत.

महोदय,

आमच्या गावच्या भजनी मंडळासाठी मी जूनच्या सुरुवातीला मालवण बाजारपेठेतील आपल्या अधिकृत विक्रेत्याकडून आपला सीडी, रेडिओ आणि पेनड्राइव्ह असा एकत्रित प्लेअर विकत घेतला. बिल मंडळाच्या नावावर आहे, वॉरंटी कार्डावर दुकानाचा शिक्का आहे. दुकानात याहून स्वस्त सेट होते. हाच घेतला, कारण याच्या खोक्यावर ठळक अक्षरांत ‘सीडी / सीडी-आर / सीडी-आरडब्ल्यू / एमपी३’ असे छापले आहे आणि आम्हाला नेमके तेच हवे होते. (सीडी-आर म्हणजे एकदाच राईट करता येणारी, सीडी-आरडब्ल्यू म्हणजे पुसून पुन्हा राईट करता येणारी.)

का हवे होते ते सांगतो, म्हणजे ‘आजकाल सीडी कोण ऐकतो’ हा प्रश्न आपल्याकडून पुन्हा यायला नको. आमच्या भागात डबलबारी चालते. दोन बुवा समोरासमोर बसतात, एकाने गजर म्हटला की दुसऱ्याने त्याला उत्तर द्यायचे, आणि रात्र सरेपर्यंत सामना रंगतो. आमच्या मंडळाचे जुने बुवा आता नाहीत. त्यांच्या बाऱ्या त्या काळी व्हिडिओ शूटिंगवाल्याने रेकॉर्ड करून सीडीवर राईट करून दिल्या होत्या, आणि नवी पोरे त्यावरूनच चाली बसवतात. एक बारी काही तासांची. साधी ऑडिओ सीडी ८० मिनिटांत संपते; तेच एमपी३ करून टाकले तर ७०० एमबीच्या एका सीडीवर बारा तासांचा ऐवज सहज मावतो. त्यामुळे खोक्यावरचा ‘एमपी३’ हा शब्दही आम्ही वाचूनच पैसे मोजले. गणेश चतुर्थी २७ ऑगस्टला आहे. तालमी सुरू झाल्या आहेत आणि प्लेअर कपाटावर बसून आहे.

आता दोष. दुकानात विकत मिळते ती कंपनीची ओरिजनल सीडी या सेटवर पहिल्यापासून शेवटपर्यंत बिनतक्रार वाजते. राईट केलेली सीडी-आर घातली की चकती बराच वेळ नुसती फिरते, आतून खरखर येते आणि पडद्यावर ‘नो डिस्क’ उमटते. एखादे वेळी घेतलीच, तर पुढच्या गाण्यांत उड्या मारते आणि गप्प होते. सीडी-आरडब्ल्यू तर एकदाही वाचलेली नाही.

आपल्या ग्राहक सेवा क्रमांकावर मी वारंवार बोललो. आपले प्रतिनिधी नम्र आहेत, त्याबद्दल तक्रार नाही. पण प्रत्येकाने नवे कारण दिले आणि प्रत्येक कारणाचा रोख सीडीवरच होता. पहिल्याने सांगितले की सीडी ‘डेटा’ म्हणून राईट केली असेल, ‘ऑडिओ’ म्हणून करा. हा प्रश्न रास्त आहे. नुसता सीडीचा प्लेअर असेल तर त्याला एमपी३ची फाईल म्हणजे काय ते कळत नाही. म्हणून आमच्या फोटो स्टुडिओवाल्याने एकच बारी दोन्ही तऱ्हांनी राईट करून दिली. दोन्हींवर ‘नो डिस्क’. दुसऱ्याने विचारले, सीडी फायनलाइज केली का? केली होती. ती केली नाही तर कुठे काय आहे याची यादी सीडीच्या आतल्या कडेला पुरती लिहिली जात नाही आणि प्लेअरला सुरुवातच सापडत नाही, हे स्टुडिओवाल्याला आपल्या प्रतिनिधीपेक्षा चांगले ठाऊक आहे. त्याने पूर्ण सीडी एका दमात राईट करून बंद केली होती. पेनड्राइव्हसारख्या फायली ओढून टाकलेल्या नव्हत्या.

तिसरा सल्ला, कमी वेगाने राईट करा. स्टुडिओवाल्याने ४८ एक्सऐवजी १६ एक्सवर राईट केली. त्याचा रायटर त्याखाली जातच नाही, आणि आज बाजारात मिळणारे बरेच रायटर जात नाहीत. मग दुसऱ्या कंपनीच्या कोऱ्या सीडी आणा म्हणाले. कणकवलीहून आणल्या. सीडीवर कागदी स्टिकर लावता का, त्याने तोल जातो, असेही विचारून झाले. आमच्या सीडींवर स्टिकर नाही, मधल्या भागात मार्करने नाव आहे एवढेच. मऊ कपड्याने मधून कडेकडे सरळ पुसून झाल्या. लेन्स साफ करायची ब्रशवाली सीडी फिरवून झाली. पावसात आमच्याकडची वीज कशी असते ते सर्वांना माहीत आहे, म्हणून विजेचा संशय जायला नको म्हणून प्लग काढून मोठे सेल घालूनही वाजवून पाहिला. देवळाच्या चिऱ्याच्या ओट्यावर, अगदी सपाट जागी ठेवून. फरक शून्य.

एक गोष्ट इथेच स्पष्ट करतो. मंडळाकडच्या काही जुन्या सीडी खरोखरच गेलेल्या आहेत. सीडी-आरमध्ये रंगाचा थर असतो आणि लेसरने त्यावर लिहिले जाते. तो थर उन्हाने, उष्णतेने, काळाने विटतो. अशा सीडी संगणकावरही अडकतात. त्या मी या तक्रारीत धरलेल्याच नाहीत. तक्रार आहे ती नव्या कोऱ्या, याच महिन्यात राईट केलेल्या आणि इतर सगळीकडे वाजणाऱ्या सीडींबद्दल. इतर सगळीकडे म्हणजे स्टुडिओतला संगणक, शेजाऱ्यांचा डीव्हीडी प्लेअर, मंडळाच्या टेंपोतला टेप आणि एका सभासदाच्या घरचा, खूप वर्षे वापरातला, नुसत्या सीडीचा जुना प्लेअर (त्यावर अर्थात ऑडिओ म्हणून राईट केलेलीच). आमचे वयस्कर पखवाजी तो वाजताना ऐकून म्हणाले, “सीडीक कित्याक दोष देतत? मशिनीचोच डोळो अधू आसा.” मला वाटते आपल्या तंत्रज्ञांनी एवढे जरी लिहिले असते तरी मी समाधान मानले असते.

पण आपण म्हणाल, दुसऱ्या कंपन्यांच्या यंत्रांशी आमचा संबंध काय. म्हणून मी आमच्या सीडी घेऊन विक्रेत्याकडे गेलो. त्याने माझ्यासमोर याच मॉडेलचे दुसरे, खोक्यात बंद असलेले यंत्र उघडले. त्यावर ऑडिओ सीडी-आर वाजली, एमपी३ वाजली, सीडी-आरडब्ल्यूसुद्धा किंचित थांबून का होईना, वाजली. त्याच सीडी लगेच आमच्या यंत्रात घातल्या; ‘नो डिस्क’. मॉडेल एक, सीडी त्याच, टेबल तेच, प्लगही तोच. बदलले फक्त यंत्र. यानंतर सीडीला दोष द्यायला जागा उरते कुठे? विक्रेत्याने हे सर्व स्वतःच्या लेटरहेडवर लिहून, सही करून दिले आहे. यंत्र बदलून देण्याचा अधिकार मात्र त्याला नाही, त्यासाठी आपल्या सेवा केंद्राचा कागद लागतो म्हणे.

आता त्या सेवा केंद्राविषयी. आम्हाला सर्वात जवळचे अधिकृत केंद्र कोल्हापूर. भर पावसात फोंडा घाट चढून पार्सल गेले. सोबत मी एक लखोटा दिला होता. त्यात तीन सीडी होत्या : एक ओरिजनल, एक नवी सीडी-आर, एक नवी सीडी-आरडब्ल्यू. कोणती वाजते आणि कोणती नाही याची चिठ्ठी लखोट्यावरच चिकटवली होती. सेट परत आला तेव्हा जॉबशीटवर लिहिले होते, ‘टेस्टेड विथ ओरिजनल डिस्क. वर्किंग ओके. कस्टमर डिस्क फॉल्टी.’ आणि लखोट्याला मी मारलेली चिकटपट्टी जशीच्या तशी होती. म्हणजे ज्या सीडी न पाहता खराब ठरवल्या, त्या हातातही घेतलेल्या नाहीत. ओरिजनल सीडी वाजते हे मी पहिल्या फोनपासून सांगत आलो आहे. तिची तक्रारच नव्हती. जे बिघडलेले नाही तेवढेच तपासले आणि जे बिघडले आहे ते माझ्या माथी मारले, असा हा प्रकार आहे.

‘ओरिजनल वाजते, अर्थात सेट ठीक’ हे गणित मुळात चुकीचे आहे आणि आपल्या तंत्रज्ञांना ते ठाऊक असायला हवे. ओरिजनल सीडीत प्लॅस्टिकमध्ये खाचा ठोकलेल्या असतात आणि वर ॲल्युमिनियमचा चकचकीत थर असतो. तिच्यावर पडलेल्या लेसरच्या उजेडापैकी सुमारे ७० टक्के किंवा जास्त परत येतो. राईट केलेल्या सीडी-आरवर तो रंगाच्या थरातून जाऊन परततो, त्यामुळे थोडा कमीच. सीडी-आरडब्ल्यूवरून जेमतेम १५ ते २५ टक्के येतो. ओरिजनल नेहमी वाजते, सीडी-आर लहर लागली तर, सीडी-आरडब्ल्यू कधीच नाही, हा आमच्या यंत्राचा उतरता क्रम त्या टक्केवारीच्याच क्रमाने उतरतो. लेसर क्षीण असला किंवा त्याची जुळणी कारखान्यातच चुकली असली तर नेमके असेच होईल. त्यामुळे या दोषाची परीक्षा ओरिजनल सीडीने होऊच शकत नाही. ती या यंत्राला सर्वात सोपी आहे.

फिलिप्स आणि सोनी यांची ऑडिओ सीडी बाजारात आली १९८२ साली. सीडी-आर नंतर आली आणि सीडी-आरडब्ल्यू तर १९९७ ची. ऐंशीच्या दशकातल्या प्लेअरने सीडी-आरडब्ल्यू वाचली नाही तर मी त्याला माफ करीन, त्याच्या जन्मावेळी ती नव्हतीच. २०२५ साली विकलेल्या आणि खोक्यावर तिचे नाव छापलेल्या यंत्राला ती सवलत कशी देणार?

जॉबशीट मिळाल्यावर मी पुन्हा फोन केला, तेव्हा एक नवेच कारण ऐकले. कोकणातली हवा खारी आणि दमट, तिने लेन्सवर परिणाम होतो आणि तो वॉरंटीत बसत नाही. खाऱ्या हवेने काय काय होते ते समुद्रापासून हाकेच्या अंतरावर राहणाऱ्याला शिकवायला नको. आमच्या खिडक्यांचे गज, सायकली, पंखे सगळे ते भोगतात. पण आमचा सेट पहिल्याच दिवशी असा होता, आणि विक्रेत्याकडचे जे यंत्र नीट वाजले ते याच मालवणच्या हवेत आमच्या यंत्राहून जास्त काळ पडून होते. शिवाय इथली हवा आपल्या यंत्राला सोसत नसेल, तर इथे विक्रेता नेमताना ते छापायला हवे होते. वॉरंटी कार्डावर किनारपट्टीला वगळल्याचे कुठे लिहिलेले मला दिसले नाही.

पेनड्राइव्ह लावा, हाही सल्ला मिळाला. लावला, वाजतो. पण नुसता पेनड्राइव्ह वाजवणारा डबा आठवडी बाजारात फार कमी पैशांत मिळतो. आम्ही जादा पैसे सीडीच्या कप्प्यासाठी दिले आहेत. मंडळातल्या वडीलधाऱ्यांना सीडीवरचे नाव वाचून ती घालता येते. पेनड्राइव्हमधल्या मराठी नावांच्या जागी आपल्या सेटच्या पडद्यावर नुसते चौकोन दिसतात, त्यातून कुठला गजर कुठे आहे हे शोधायचे कसे? ही दुसरी तक्रार म्हणून धरू नये, सल्ल्याचे उत्तर म्हणून लिहिले.

माझी मागणी सरळ आहे. यंत्र बदलून द्यावे, आणि ते मालवणच्या विक्रेत्याकडेच, माझ्यासमोर सीडी-आर व सीडी-आरडब्ल्यू वाजवून दाखवून द्यावे. तसे यंत्र देता येत नसेल तर बिलाची पूर्ण रक्कम परत करावी. कोल्हापूरच्या पार्सलचा जाण्यायेण्याचा खर्च दोन्ही परिस्थितींत मिळावा. दुरुस्ती करून देतो असे आता म्हणू नये. दुरुस्तीची संधी आपल्या केंद्राने लखोटा न उघडताच घालवली आहे, आणि चतुर्थीआधी पुन्हा घाट चढायची आमची तयारी नाही. याखेरीज जॉबशीटवरचा ‘कस्टमर डिस्क फॉल्टी’ हा शेरा लेखी मागे घ्यावा. उद्या याच शेऱ्याच्या आधारे वॉरंटी नाकारली जाऊ नये म्हणून हे मागतो.

पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत लेखी उत्तराची अपेक्षा आहे. ते आले नाही तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ या क्रमांकावर तक्रार नोंदवीन आणि त्यापुढे ग्राहक संरक्षण कायदा २०१९ अन्वये सिंधुदुर्ग जिल्हा ग्राहक आयोगाकडे जाईन. या कायद्याने तक्रारदाराला तो जिथे राहतो त्याच जिल्ह्यात दाद मागता येते, आणि पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला शुल्क नाही. म्हणजे मला मुंबईला यावे लागणार नाही, आपल्या प्रतिनिधीला मात्र इकडे यावे लागेल. येताना त्यांनी सीडी-आर आणावी.

कळावे,

सचिव, भजनी मंडळ
ता. मालवण, जि. सिंधुदुर्ग

सोबत : बिल व वॉरंटी कार्डाच्या प्रती, खोक्याच्या छापील बाजूचा फोटो, कोल्हापूर केंद्राची जॉबशीट, विक्रेत्याचे सही-शिक्क्याचे पत्र, पार्सलच्या पावत्या आणि न उघडलेल्या लखोट्याचा फोटो. लखोटा तसाच ठेवला आहे, तपासायला कोणी आल्यास त्याच्यासमोर उघडीन.

प्रत : विक्रेता, मालवण, माहितीसाठी.