बसायची जागा बदल

पुणे, रविवार

प्रिय मध्या,

फोनवर सगळं बोलणं झालं नाही, म्हणून लिहितोय. ए.ए.च्या, म्हणजे अल्कोहोलिक्स ॲनॉनिमस या दारू सोडू पाहणाऱ्यांच्या गटाच्या, मीटिंगला जायचं मनात आलंय ना, मग ते मनात आहे तोवर जा. पण त्याआधी एक गोष्ट.

सकाळी घोटभर घेतल्याशिवाय हात थरथरायचे थांबत नसतील, किंवा पूर्वी कधी बंद केल्यावर फिट आली असेल, तर उद्यापासून एकदम सोडू नकोस. शरीराला दारूची सवय झालेली असते. ती अचानक तोडली की पहिल्या दोन दिवसांत फिट येऊ शकते, आणि दुसऱ्या ते चौथ्या दिवसाच्या सुमाराला भास, घाम, बडबड. त्यात माणूस दगावूही शकतो. म्हणून आधी मानसोपचारतज्ज्ञाकडे जा आणि खरा आकडा सांग. क्वार्टर म्हणजे १८० मिली, म्हणजे तीन लार्ज. त्याला ‘दोनेक पेग’ म्हणू नकोस, औषधाची मात्रा त्यावर ठरते. काही दिवस उतरत्या मात्रेत गोळ्या मिळतील आणि सोबत थायमिन, म्हणजे बी-वन. कोपऱ्यावरच्या दवाखान्यात नुसतं ग्लुकोजचं सलाईन लावून येऊ नकोस. थायमिन आधी न देता ग्लुकोज चढवलं तर मेंदूला इजा व्हायचा धोका असतो.

आता मीटिंग. १९३५ साली अमेरिकेत ॲक्रन गावी एक शेअर दलाल आणि एक सर्जन एकमेकांशी बोलत राहिले आणि प्यायचे थांबले, त्यातून हे सुरू झालं. अजूनही मूळ गोष्ट तेवढीच आहे. फी नाही, फॉर्म नाही, हजेरीपट नाही. दारू सोडायची इच्छा असली की झालास मेंबर.

ए.ए.च्या भारतातल्या वेबसाइटवर शहराप्रमाणे गट सापडतात. यादीवर विसंबून थेट जाऊ नकोस. शाळेचा वर्ग किंवा चर्चचा हॉल असतो, सणासुदीला, परीक्षेच्या दिवसांत जागा बदलते. फोन करून तीन गोष्टी विचार: मीटिंग मराठीत आहे का, ओपन की क्लोज्ड, आणि कुठल्या मजल्यावर, कुठल्या दारानं. ओपनला कुणीही येऊ शकतं, क्लोज्ड फक्त दारू सोडायची असलेल्यांची. मजला मुद्दाम विचारायचा, कारण मोठी पाटी नसते आणि पुष्कळ जण गेटवरूनच परत फिरतात. ओळखीचं कुणी भेटेल या भीतीनं शहराच्या दुसऱ्या टोकाचा गट निवडू नकोस. चौथ्या दिवशी ट्रॅफिकचं निमित्त होतं. ओळखीचा भेटलाच, तर तोही त्याच कामाला आलेला असणार. वेळ मात्र संध्याकाळची धर, सात-साडेसातची. तीच तुझी ‘बसायची’ वेळ. तेव्हा दुसरीकडे बसलेला असलास की अर्धं काम झालं.

आत काय होतं? शांतता, प्रार्थना, दारू सोडण्यासाठीच्या ए.ए.च्या बारा पायऱ्यांचं वाचन, मग शेअरिंग. एक बोलतो, बाकीचे ऐकतात, मध्ये कुणी सल्ला देत नाही. तासदीड तास जातो. तुझी पाळी आली तर नाव सांग आणि ‘आज फक्त ऐकतो’ म्हण, कुणी आग्रह करत नाही. डबा फिरतो तेव्हा नव्या माणसानं पैसे टाकायची गरज नसते. ‘परमेश्वर’ शब्द ऐकून उठू नकोस. ‘आम्हाला समजलेला’ असं त्याला जोडलेलं आहे, त्यात तुझ्यासारख्या नास्तिकालाही जागा आहे.

लोक चुकतात कुठे, तर उशिरा येऊन शेवटच्या बाकावर बसतात आणि संपताक्षणी सटकतात. खरी मीटिंग नंतरच्या चहात असते. प्लास्टिकच्या कपात चहा घेऊन जिन्यापाशी उभा राहा, तीन जणांचे नंबर घे. नुसते सेव्ह करू नकोस, त्याच आठवड्यात तिघांनाही एकदा लाव, कामाशिवाय. प्यावंसं वाटल्यावर पहिल्यांदा अनोळखी माणसाला फोन लावणं जमत नाही. स्पॉन्सर, म्हणजे तुला वाट दाखवणारा गटातला जुना माणूस, घाईनं ठरवू नकोस. पुरुषाला पुरुषच, आणि निदान वर्षभर न प्यायलेला. एका मीटिंगवर मत बनवू नकोस, सहा तरी कर, दोन वेगळ्या गटांत.

दोन गोष्टी सांभाळ. गटात पैसे उसने देऊ नकोस, घेऊ नकोस. पैसे अडकले की माणूस यायचा बंद होतो. आणि कुणी ‘गोळ्याही नशाच, त्या बंद कर’ म्हणालं तर ऐकू नकोस. तो ए.ए.चा नियम नाही, त्या माणसाचं मत आहे.

मध्ये प्यायलास तर? दुसऱ्या दिवशी जा. तिथे त्याला स्लिप म्हणतात, हाकलून देत नाहीत.

वहिनींना दारू सोडवायच्या गोळ्या लपवून तुझ्या जेवणात घालायला सांगणारे भेटतील. दारूवर त्रास देणारी डायसल्फिराम अशी न सांगता दिली आणि वर प्यायलास, तर जिवावर बेतू शकतं. वहिनींसाठी अल-ॲनॉन, म्हणजे पिणाऱ्यांच्या घरच्यांचा गट, वेगळं आहे, १९५१ पासूनचं. तुझी वाट न बघता त्यांनी जावं. रात्री अगदीच सुचेनासं झालं तर १४४१६, टेली-मानस ही सरकारी मानसिक आरोग्याची हेल्पलाइन, फुकट आहे.

गुरुवारी साडेसहाला फोन करतो. वाटेत असलास तर उचलू नकोस.

तुझा,
विन्या