रोपांआधी भट्टी द्या

माननीय कृषिमंत्री महोदय,
सप्रेम नमस्कार.

यवतमाळ जिल्ह्यातल्या घाटंजी तालुक्यातून लिहितो आहे. आमचा कापूस आणि तूर पावसाच्या भरवशावर. तीन वर्षांपूर्वी फुकट रोपं मिळाली म्हणून आम्ही अकरा जणांनी धुऱ्यावर, म्हणजे बांधावर, लिंबाच्या वासाची निलगिरी लावली. निलगिरी पाणी ओढते हे आम्हालाही ठाऊक आहे, म्हणून वावरात एकही झाड नाही, विहिरीजवळ तर नाहीच. झाड छाटलं की पुन्हा फुटतं. रोही (नीलगाय) उभी तूर खातो, पण या पाल्याला तोंड लावत नाही. रात्र रात्र जागलीत काढणाऱ्याला याचं मोल वेगळं सांगावं लागत नाही.

झाडं जगली. अडलं ते पाल्यातून तेल काढण्यापाशी. शंभर किलो ओल्या पाल्यात तेल साधारण किलोभर, बाकी नुसतं ओझं. आणि पाल्याला वाफ देऊन तेल काढायची भट्टी शंभरावर किलोमीटर लांब. मागच्या हिवाळ्यात चार क्विंटल पाला गाडीत दाबून नेला. नंबर लागायला दोन दिवस गेले. तोवर पाला आतून तापून काळा पडला होता. तेल निघालं अडीच किलो. व्यापाऱ्यानं थेंबभर हातावर चोळलं, हुंगलं आणि भाव सांगून टाकला. गाडीभाडंही सुटलं नाही. घरी आल्यावर आमच्यातल्या दोघांनी झाडं बुंध्यातून तोडली. त्यांना बोल लावायला माझी जीभ रेटली नाही.

मेळघाटात पूर्वी रोशा या सुगंधी गवताचं तेल काढायचे, तेव्हा गवत असेल तिथल्या नाल्याकाठी भट्टी मांडायचे. सीएसआयआर या केंद्राच्या संशोधन संस्थेनं 2017 साली सुरू केलेल्या अरोमा मिशनमध्येही सुगंधी पिकांच्या लागवडीबरोबर भट्ट्या आहेत. मग आमच्याकडे नुसती रोपंच का येतात?

साहेब, चार-पाच गावं मिळून 500 किलो पाल्याची एक भट्टी द्या आणि ती बचत गटाच्या बायांच्या हाती सोपवा. सरपण विकत घ्यावं लागणार नाही. उलंगवाडी झाली, म्हणजे कापसाची वेचणी संपली, की पऱ्हाट्या (कपाशीची वाळलेली झाडं) आम्ही वावरातच जाळतो, त्या भट्टीत जातील. तेल काढून उरलेला पालाही वाळवला की जळतो. दुसरं म्हणजे, अकोल्याच्या डॉ. पंजाबराव देशमुख कृषी विद्यापीठातून तेल तपासल्याचा कागद मिळू द्या. तो हातात असला, तर व्यापाऱ्यापुढे आम्हाला बोलता येईल.

आमची पुढची छाटणी दिवाळीनंतर आहे. नऊ जणांची झाडं अजून उभी आहेत. कोणाला पाहायला पाठवणार असाल, तर त्याआधी पाठवा.

आपला,
एक कोरडवाहू शेतकरी