आमच्या लॅपटॉपमधले सिनेमे चोरीचे नव्हेत

मा. संपादक,
स. न. वि. वि.

गेल्या रविवारी आपल्या अंकात एका वाचकांचं पत्र आलं होतं. एसटीत आणि रेल्वेत लॅपटॉप उघडून 'हार्डडिस्कवर भरून आणलेले चोरीचे सिनेमे' बघणाऱ्या फुकट्यांना आवर घाला, असं त्यांचं म्हणणं. त्या फुकट्यांपैकी मी एक. हायड्रॉलिक सील विकणं हा माझा धंदा. इथं बेळगावात उद्यमबागेतून माल उचलायचा आणि महिन्यातून दोन-तीनदा पुण्याला जायचं. रस्त्यानं साडेतीनशे किलोमीटरला थोडं कमी. एवढ्या वेळात माणसानं काय करावं? खिडकीतून उसाच्या ट्रॉल्या किती मोजणार?

माझ्या लॅपटॉपमध्ये दोनशेच्या आसपास सिनेमे आहेत, बहुतेक मराठी. त्यातला जवळजवळ प्रत्येक मी पैसे देऊन घेतलेला आहे. २००७ च्या सुमारास मोझर बेअरनं २८ रुपयांत व्हीसीडी आणि ३४ रुपयांत डीव्हीडी आणली तेव्हा खडेबाजारातून मी पिशवी भरून सीडी आणायचो, आणि घरात बोलणी खायचो. लोखंडी कपाटाचा खालचा खण अजून त्यांनीच भरलाय. पण नव्या लॅपटॉपला सीडी घालायला जागाच नाही. मग जुन्या मशीनवर एकेक सीडी घालून तिची फाईल करत बसलो. दोन पावसाळे गेले त्यात.

व्हीसीडीचं काम सोपं. आत एमपीईजीएव्ही नावाचं फोल्डर असतं, त्यातली डॅट फाईल उचलून ठेवली की झालं. सिनेमा दोन सीडींवर असायचा. पहिली संपायची ती नेमकी हिरोइनचा बाप दारात उभा राहतो तिथं, आणि दुसरी सापडेपर्यंत कागल जायचं. आता दोन्ही तुकडे जोडून टाकलेत. डीव्हीडीला मात्र वेळ लागतो. साडेचार जीबीचा ऐवज हँडब्रेक नावाच्या सॉफ्टवेअरमध्ये घालून एक-सव्वा जीबीवर आणायचा म्हणजे माझ्या जुन्या मशीनला रात्र पुरत नाही, त्यात पहाटे लाईट गेली की पुन्हा पहिल्यापासून. सुरुवातीचे आठ-दहा सिनेमे माझे वाया गेले. कुणी मान हलवली की चेहऱ्यावर कंगव्याच्या दातांसारख्या आडव्या रेषा यायच्या. त्या रेषा घालवायला 'डीइंटरलेस'वर खूण करायची असते हे नंतर कळलं. हे सगळं चोर करत नाही हो. चोराला एवढी उस्तवारी परवडत नाही.

सीडी फिरवणारी मोटर बॅटरी खाते, हार्डडिस्कवरची फाईल त्यामानानं कमी. हा एक फायदा. पण हार्डडिस्कही शेवटी फिरणारी चकतीच. मिनिटाला ५४०० फेरे, आणि वाचणारं डोकं चकतीपासून केसाच्या जाडीच्याही कितीतरी कमी अंतरावर तरंगत असतं. तवंदीच्या घाटात गाडीनं एक खड्डा असा घेतला की मांडीवरच्या डिस्कनं टक्-टक् सुरू केलं आणि पडदा काळा. साठेक सिनेमे गेले. कपाटात सीडी होत्या म्हणून पुन्हा करता आले. आता सगळं एसएसडीवर, म्हणजे चिपवाल्या डिस्कवर आहे. तिच्यात फिरणारं काही नाही, गाडी कितीही उडू दे.

'मग मोबाईलवर अ‍ॅप घ्या की,' असं त्या वाचकांनी सुचवलंय. घेतलंय, वर्षाचे पैसेही भरलेत. मे महिन्यात आम्ही सहकुटुंब रेल्वेनं गोव्याला निघालो. लेकीनं आदल्या रात्री घरच्या वायफायवर सिनेमा उतरवून ठेवला होता. लोंढा सोडलं, रेंज गेली. कॅसलरॉकच्या पुढं बोगद्यामागून बोगदे, ३७ फुटांना एक फूट असा उतार, गाडी मुंगीच्या पायानं चाललेली. लेकीनं फोन काढला तर अ‍ॅप म्हणतंय, मुदत संपली, इंटरनेटला जोडा. ब्रागांझा घाटात! चोर्ल्याच्या रस्त्यालाही तीच कथा. उतरवलेला सिनेमा एकदा सुरू केला की बऱ्याचदा ४८ तासांत संपवायचा, आणि वर्गणी थांबली की सगळंच गेलं. म्हणजे पैसे भरून आपण भाडेकरूच. शिवाय मला हवे असतात ते जुने मराठी सिनेमे तिथं सापडत नाहीत. सापडलेच तर चारी बाजूंनी कापलेले, माणसांची डोकी पडद्याबाहेर.

कायद्याचंही बोलतो. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात ५२ वं कलम आहे, त्यात खाजगी वापरासाठी रास्त व्यवहाराला मुभा आहे. २०१२ च्या दुरुस्तीनं ६५-अ कलम आलं. डीव्हीडीवरचं कॉपी अडवणारं कुलूप हक्क बुडवण्याच्या इराद्यानं तोडलं तर दोन वर्षांपर्यंत शिक्षा आणि दंड. इराद्यानं, हा शब्द महत्त्वाचा. मी विकत घेतलेला सिनेमा मीच निपाणी ते सातारा बघतो, यात कुणाचा हक्क बुडाला? थिएटरात कॅमेरा लपवून नेणाऱ्याला २०२३ च्या सुधारित कायद्यानं कमीत कमी तीन महिने आत घालता येतं. ते योग्यच. पण त्याच्या पंगतीला मला बसवू नका. एकदा मेहुण्याला पेनड्राईव्हवर दोन सिनेमे दिले होते, तेवढं मात्र चुकलं. लिहून टाकतो, नाहीतर घरचेच पत्र पाठवतील.

त्या वाचकांचा दुसरा मुद्दा आवाजाचा. तो शंभर टक्के मान्य. मी इअरफोनशिवाय बघत नाही. फक्त एकदा बघितला. डिसेंबर २०२२ मध्ये महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवर वातावरण तापलं, महाराष्ट्राची एसटी इकडं यायची बंद झाली. मी निपाणीपर्यंत आलो होतो. पुढं सीमेवरचं कोगनोळी ओलांडून कागलला कसं जायचं याची स्टँडवर चर्चा चाललेली, जो तो फोनवर. मी बाकड्यावर लॅपटॉप उघडला. शेजारी संकेश्वरकडचे एक आजोबा टेकले होते. वाकून बघितलं आणि कानडीत म्हणाले, "एन नोडाकत्तीरी?" सिनेमा म्हटल्यावर इअरफोनचं एक टोक त्यांनी स्वतःच उचलून कानात घातलं. पाच मिनिटांत मागून एकजण, "काय बघालायसा हो? आवाज तरी सोडा की!" मग सोडला. सात-आठ जण झाले. लक्ष्या बेर्डे पडद्यावर आला की आजोबा भाषा न कळता आधी हसायचे, आणि मग मला विचारायचे, काय म्हणाला. सिनेमा अर्धा झाला तेव्हा वडापवाला ओरडत आला, चार सीट कागल. लॅपटॉप मिटला तर आजोबांनी माझ्याकडं असं बघितलं की मीच गाड्या बंद केल्यात.

मराठी निर्मात्यांना माझं एकच सांगणं आहे. जुन्या सिनेमाची स्वच्छ फाईल करा आणि विका. शंभर घ्या, दीडशे घ्या, पण एकदाच घ्या, आणि ती माझ्याकडं राहू द्या. मी रांगेत पहिला असेन. आणि बेळगाव, खानापूर, निपाणी भागातल्या वाचकांना विनंती, दिवाळीच्या साफसफाईत जुन्या मराठी सीडी भंगारवाल्याला घालू नका. आपल्याकडच्या पावसानं त्यांना बुरशी धरते, चकाकी पापुद्र्यासारखी सुटते, मग कुठलंच मशीन ती वाचत नाही. माझ्या एका लाडक्या सिनेमाची पहिली सीडी अशीच गेली. मध्यंतरानंतरचा भाग तेवढा शाबूत आहे, तीन वर्षं तेवढाच बघतोय. नाव इथं लिहीत नाही, लिहिलं तर सकाळी दहा जण टेलिग्रामची लिंक पाठवतील. कुणाकडं जुन्या सीडींचा गठ्ठा पडून असेल तर आपल्या कार्यालयात कळवावं. मी येऊन तिथंच बसून बघेन, सीडी घरी नेणार नाही.

आपला,
एक वाचक, अनगोळ, बेळगाव