लिनक्स टाका म्हणताय, पण पट्टीचं काय?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

14 ऑक्टोबर 2025 ला विंडोज 10 चा सपोर्ट संपला तेव्हापासून जुन्या मशीनवर विंडोजच्या जागी लिनक्स टाका, फुकट आहे, असं जिकडंतिकडं छापून येतंय, तुमच्या पुरवणीत पण आलं. सल्ला चुकीचा नाही, पण अर्धाच आहे. हे लिहिणाऱ्यानं एकदा सांगलीच्या मार्केट यार्डात हळदीच्या नाहीतर बेदाण्याच्या एखाद्या आडत दुकानात जाऊन तासभर बसावं. ब्राउझर, ईमेल, यूट्यूब हे सगळं लिनक्सवर पहिल्या दिवशीच चालतंय हो, त्याचं कौतुक किती दिवस करणार. दुकान अडतंय ते पट्टीच्या, म्हणजे शेतकऱ्याला मालाचा हिशोब देणाऱ्या पावतीच्या, प्रोग्रामवर.

तो प्रोग्राम म्हणजे विंडोजच्या आधीच्या डॉसमधला फॉक्सप्रो, म्हणजे नोंदी ठेवायचं जुनं सॉफ्टवेअर, निळी स्क्रीन, आणि ज्यानं लिहून दिला त्याचा फोन आता लागत नाही. दिवाणजी माउसला हात पण लावत नाहीत. शेतकऱ्याचं नाव, गाव, पोती, वजन, दर, एंटर, एंटर, एंटर, हमाली तोलाई आपोआप वजा आणि टीव्हीएसच्या डॉट मॅट्रिक्सवर कर्रकर्र करत कार्बनसकट पट्टी बाहेर, तोवर शेतकरी काउंटरला हात टेकून उभाच. त्या दिवाणजींना नवीन सॉफ्टवेअर शिका म्हणायला माझी तरी जीभ रेटत नाही, आणि खरं सांगायचं तर त्यांच्या स्पीडनं चालणारं नवीन सॉफ्टवेअर मी अजून बघितलेलं नाही.

आता गंमत बघा. 64 बिटच्या विंडोजवर डॉसचे प्रोग्राम सरळ चालतच नाहीत, म्हणून अशा दुकानांत मुद्दाम 32 बिटचं विंडोज ठेवलेलं असतं. आणि विंडोज 11 तर 32 बिटमध्ये निघालंच नाही. म्हणजे मालकांनी विंडोज 11 ला लागणारी टीपीएम 2.0 ही सिक्युरिटी चिप असलेलं कोरं मशीन आणलं, पैसे मोजले, तरी पट्टी निघणार नाही ती नाहीच, तिथं पण डॉसची नक्कल करणारं डॉसबॉक्ससारखं काहीतरी टाकावं लागणारच. मग तेच जुन्या मशीनवर लिनक्समध्ये टाकलं तर बिघडलं कुठं?

फक्त साधा डॉसबॉक्स घेऊ नका, तो मुळात गेमसाठी बनवलाय, त्यात प्रिंटिंगची सोय नाही. डॉसबॉक्स-एक्स घ्या, प्रोग्रामचा फोल्डर त्यात सी ड्राइव्ह म्हणून माउंट करा. जुना फॉक्सप्रो फास्ट मशीनवर उघडतानाच डिव्हाइड बाय झिरो म्हणून आडवा पडायचा, जुन्या लोकांना आठवत असेल, इथं सायकल्स, म्हणजे नकली मशीनचा वेग, कमी केल्या की तो त्रास टळतो. प्रिंटचं असं की एलपीटीचा, म्हणजे जुन्या प्रिंटर पोर्टचा, आउटपुट फाईलमध्ये घ्यायचा आणि ती फाईल प्रिंटरला रॉ, म्हणजे आहे तशीच, पाठवायची. मध्ये ड्रायव्हर घातला की पट्टी चित्रासारखी छापायला घेतो, हेड तीन-तीनदा फिरतंय, आणि तोवर मालक माझ्याकडं बघत बसतात. दोन मशीनवरून एकच डेटा उघडत असाल तर मात्र सावध, साध्या डॉसबॉक्समध्ये फाईल लॉकिंग धड नाही, दोघांनी एकदम एंट्री मारली की इंडेक्सची वाट लागते.

व्हीबी6 मध्ये लिहिलेल्या विंडोजच्या जुन्या प्रोग्रामांना लिनक्सवर वाइन आहे. 1993 पासून लोक त्याच्यावर काम करतायत, प्रोग्राम विंडोजकडं जे काम मागतो ते वाइन लिनक्सकडून करून घेतं. बरंचसं चालतं. पण डोंगल, म्हणजे लायसन्ससाठी यूएसबीला लावायचं कुलूप, आलं की वाइन हात टेकतं, कारण डोंगलचा ड्रायव्हर विंडोजच्या पोटात बसणारा असतो, वाइन तिथपर्यंत पोचत नाही. लग्नपत्रिका छापणाऱ्यांचं घोडं इथंच अडतं, पेजमेकर आणि डोंगलवालं मराठी फॉन्टचं सॉफ्टवेअर. त्यांनी मशीनच्या आत दुसरं मशीन चालवणाऱ्या व्हर्च्युअलबॉक्समध्ये आपलं लायसन्सवालं जुनं विंडोज टाकावं, डोंगलचा यूएसबी आत जोडून द्यावा आणि त्या आतल्या विंडोजचं नेट बंदच ठेवावं. रॅम 4 जीबी असेल तर ह्या नादाला लागू नका, 8 तरी पाहिजेच.

माझं म्हणणं एवढंच, उलट्या क्रमानं जा. आधी विंडोज काढून मग प्रोग्राम चालतोय का बघत बसू नका. डॉसबॉक्स-एक्स विंडोजवर पण चालतो, आणि विंडोज 64 बिटचं असेल तर व्हर्च्युअलबॉक्स पण. तेव्हा आहे त्याच विंडोजवर प्रोग्राम ह्या डब्यात हलवा, हळदीचा एक सीझन त्याच्यावर पट्ट्या काढा, दिवाणजींनी मान डोलावली की मग खालचं विंडोज बदला, त्यांना कळणार पण नाही. घाई करायची गरज नाही, घरगुती मशीनला मायक्रोसॉफ्टनं सिक्युरिटी अपडेटची मुदत 13 ऑक्टोबर 2026 पर्यंत वाढवून दिलीय, त्यासाठी नोंदणी तेवढी करावी लागते. आणि पहिलं काम म्हणजे डीबीएफ, म्हणजे फॉक्सप्रोच्या डेटाच्या, फाईलींचा सगळा फोल्डर पेनड्राइव्हवर. त्या फाईली लिब्रेऑफिसच्या कॅल्कमध्ये सरळ उघडतात, म्हणजे उद्या प्रोग्राम कायमचा मेला तरी उधारी-जमा हातात राहते. फक्त कॉपी उघडा, ओरिजिनलवर सेव्ह मारू नका.

एक गोष्ट मलाच सुटलेली नाही. ज्या दुकानांत नावं-गावं जुन्या मराठी फॉन्टमध्ये टाईप केलीत तिथं कॅल्कमध्ये आकडे बरोबर येतात पण नावांच्या जागी नुसता इंग्रजी अक्षरांचा आणि चिन्हांचा काला दिसतो. युनिकोड कन्व्हर्टर मिळतात, पण जोडाक्षरं आणि रफार आला की गडबड होते, आणि पाटील-पवार ठीक, कुर्लप गावाचं नाव भलतंच झालं तर पट्टी कुणाला द्यायची? सांगली-मिरजेत कुणी हे नीट करून घेतलं असेल तर त्यांनी तुमच्याच पेपरात सविस्तर लिहावं, मी कात्रण काढून ठेवीन.

आपला,
यार्डातल्या दुकानांचे कॉम्प्युटर दुरुस्त करणारा एक वाचक,
सांगली